हात न लावता

आमच्या शाळेतले पीटीचे सर लग्नालासुद्धा गळ्यात शिट्टी घालून यायचे. पंगतीत वाढपी भलत्याच टोकाकडून निघाला, की सर बसल्या जागेवरून शिट्टी मारत. वाढपी थबकायचा. सर हातानं दिशा दाखवायचे आणि शांतपणे पुन्हा वांग्याच्या भाजीकडे वळायचे. बाहेरगावचे पाहुणे चिडायचे, पण चिखलीतले लोक निमूट ऐकायचे. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, लोक त्यांना घाबरतात. पुढं कळलं, लोक त्यांना जपत होते.

शिट्टीनंतर फक्की. मैदान आखायला वापरतात ती पांढरी पूड. सायकलच्या कॅरियरला तिची पिशवी कायम बांधलेली असे आणि पिशवीला एक बारीक भोक होतं. त्यामुळे सर सकाळपासून कुठं कुठं गेले, हे सगळ्या गावाला रस्त्यावर दिसायचं. घरीही त्यांनी रेघा आखल्या होत्या. चपलांची रेघ, बादलीची रेघ, सायकलची रेघ. मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. माझ्या जिन्याच्या तोंडाशीही एक रेघ होती आणि ती त्यांनी स्वतःसाठी आखली होती. काही सांगायचं असलं तर ते त्या रेघेच्या अलीकडे उभे राहून "बाई" अशी हाक मारत. मी खाली येईपर्यंत तिथंच उभे. दोन वर्षांत त्यांचा पाय ती ओलांडून एकदाही आला नाही.

मी नगरकडची. सायन्सची बाई म्हणून चिखलीला नेमणूक झाली तेव्हा एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार होईना. सरांच्या आईनं दिली. सर चाळिशी ओलांडलेले, बिनलग्नाचे. घरात ते आणि आजी, दोघंच. आजी कमी बोलायच्या आणि त्याहून कमी रांधायच्या. सकाळी वरण-भाकर, संध्याकाळी भाकर-वरण. सणावारालाही तव्यावर वेगळं काही पडत नसे. मला वाटायचं, म्हातारपण असेल.

ओसरीत तीन बाजा होत्या. तिसरीवर कुणी झोपत नसे, पण तिच्या दोऱ्या दरवर्षी नव्यानं विणल्या जात. एकदा मी सहज विचारलं, ही कुणाची.

"लहान्याची," आजी म्हणाल्या. शेंगा फोडत होत्या, हात थांबला नाही. "गणपतीच्या मिरवणुकीत गेला. वरचं वेटाळ आन् खालचं वेटाळ, कोनाचा गणपती पुढं जाईन म्हनून भांडले. लाठ्या निघाल्या. त्याले डोक्यात लागली. बुलढान्याले नेत नेत गेला."

वेटाळ म्हणजे वस्ती. आम्ही वरच्या वेटाळात राहत होतो. लाठी मारणारा खालच्या वेटाळातला होता. त्याला सजा झाली. कोर्टाच्या एकेका तारखेला आजी जाऊन बसायच्या आणि त्याच्याकडे बघत राहायच्या. धाकटा भाऊ पडला तेव्हा सर मैदानावर पोरांची कवायत घेत होते. बातमी आली तेव्हा शिट्टी गळ्यात होती. ती त्यांनी नंतर उतरवली नाही, असं गावात सांगत. रेघांचं वेडही तेव्हापासूनचं.

मुलांची मारामारी हा सरांचा एक आजारच होता म्हणा. मधल्या सुट्टीत कुठं दोन पोरं एकमेकांच्या कॉलरला भिडली, की सर धावत जाऊन दोघांच्या मध्ये पाठ करून उभे राहत. मारत नसत, ओरडत नसत. नुसते उभे. अंग थरथरायचं. त्या थरथरीला पोरं घाबरायची, छडीला नाही.

अशा माणसाच्या आयुष्यात तो इंग्रजी पिक्चर आला.

तेव्हा व्हिडिओ नवानवा होता. एसटी स्टँडच्या मागं एका गोडाऊनमध्ये बाकडी टाकून एकानं व्हिडिओ सेंटर काढलं होतं. नववी-दहावीचे वर्ग तिकडे रिकामे व्हायला लागले, म्हणून हेडमास्तरांनी सरांना पोरं हाकून आणायला पाठवलं. पोरांनी मला नंतर सांगितलं, सर दारातून आत आले, शिट्टी तोंडात धरली, पडद्याकडे बघितलं आणि तसेच उभे राहिले. पोरं बाकड्याखाली लपली होती. पिक्चर संपला. सरांनी तोंडातली शिट्टी काढली आणि मालकाला म्हणाले, "पुन्हा लाव."

पुढच्या रविवारी त्यांनी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं घरी आणला. दुपारची वेळ, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. मी, आजी आणि सर. पिक्चरमध्ये अमेरिकेतल्या कुठल्या तरी शहरातली पोरांची दोन टोळकी होती. एकमेकांचा जीव घ्यायला उठलेली. पण भांडायचं ते नाचून. एक जण मध्ये येऊन पाठीवर गरगर फिरणार, डोक्यावर भिंगरीसारखा फिरणार, अंगातून लाट गेल्यासारखे हात हलवणार. मग तो मागं सरकणार आणि समोरचा पुढं येणार.

आजी म्हणाल्या, "हे पोट्टे काऊन तडफडून राह्यले? मिरगी आली का त्यायले?"

सरांनी टेप थांबवली. थांबलेल्या चित्रातून एक पांढरी पट्टी वर सरकत होती. दोन पोरं नाकाला नाक लावून उभी होती, डोळ्यांत रक्त उतरलेलं.

"पाहा बाई," सर म्हणाले. "इतके भडकून आहेत. आता मारतीन असं वाटते ना? नाही मारत. साऱ्या पिक्चरात कोनी कोनाले हात लावत नाही. मी मोजून पाह्यलं. एकदाही नाही."

त्यांचे डोळे भरले होते. आजी दुसरीकडे बघत होत्या. मी इंग्रजी किती समजतं ते दाखवायला काहीतरी बोलणार होते, पण त्यांना पोरं काय बोलतात हे जाणून घ्यायचंच नव्हतं.

मग सर ब्रेक डान्स शिकायला लागले.

अंगणात फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरायचा आणि त्यावर डोकं टेकून पाय वर करायचे. वय झालेला माणूस, पोट सुटलेलं, अंगात बनियन, गळ्यात शिट्टी. पाय वर गेले की शिट्टी तोंडावर पडायची. शेजारपाजारचे लोक भिंतीवरून बघायचे आणि हसायचे. सरांना त्याचं काही नव्हतं. मला विचारायचे, "बाई, सायन्स काय म्हनते? माणूस फिरत का नाही?" मी सांगितलं, हातपाय अंगाशी आवळले की वेग वाढतो. त्यांनी आवळले. वेग वाढला आणि सर पुठ्ठ्याबाहेर जाऊन मानेवर पडले. आजींनी हळद-चुन्याचा लेप लावला. मान सुटली, पण पुरती नाहीच. तेव्हापासून कुणी बाजूनं हाक मारली, तर सर अख्खे वळायचे.

त्यांना स्वतःला ते कधी जमलं नाही. पण शिकवता आलं. लेझीम शिकवलेला माणूस, ताल अंगात होता. हेडमास्तरांना सांगितलं, ही नवी कवायत आहे. वरच्या वेटाळातली पोरं आधी आली, मग खालच्या वेटाळातली. दोन्हींची वेगवेगळी टीम केली. आमच्या अंगणात फक्कीनं मोठं गोल रिंगण आखलं, टेपरेकॉर्डर लावला आणि नियम सांगितला. सरांचा नियम एकच होता, आणि तो ते पोरांकडून रोज मोठ्यानं म्हणून घेत.

"हात लागला का?"

"हरला."

"पाय लागला का?"

"हरला."

"चुकून लागला का?"

"हरला."

खालच्या वेटाळाच्या टीममध्ये सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा होता, संजय. लहानपणापासून डोणगावला मामाकडे वाढलेला, नुकताच चिखलीला आला होता म्हणून पोरं त्याला डोणगाव्या म्हणत. शाळा सुटलेली, टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा. हात काळे, दात पांढरे. असा नाच मी पुन्हा बघितला नाही. तो पुठ्ठ्यावर आला की टेपरेकॉर्डर त्याच्या मागं धावतोय असं वाटे. डोक्यावर फिरताना तो डोळे मिटून घ्यायचा आणि चेहरा इतका शांत व्हायचा, की झोपलाय की काय.

आणि हा पोरगा आजींना आवडायला लागला. पोरं नाचून पसार व्हायची, हा मागं राहून अंगण झाडायचा. पुठ्ठे भिंतीला लावायचा. "आजी, पाणी देता का?" म्हणायचा. आजी पाणी द्यायच्या. मग ताक द्यायला लागल्या. मग भाकरीवर ठेचा. एक दिवस मला वरच्या खोलीत गोड वास आला. खाली आले तर चुलीवर गुळाचा शिरा. माझं ते घरातलं दुसरं वर्ष होतं आणि तो पहिला गोड पदार्थ.

"त्या डोणगाव्याले आवडते म्हने," आजी म्हणाल्या. त्या हसत होत्या. पुढचे दोन दात नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळ झाली की त्या दाराकडे बघत बसायच्या. पोरगा आला की, "किती वाळून राह्यला रे," म्हणून त्याच्यासाठी ठेवलेलं काढून द्यायच्या. त्याचं खाणं बघत बसायच्या. कधी कधी चुलीजवळून जात्यावरची ओवी ऐकू यायची. सर ओसरीत टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळत बसलेले असायचे. एकदा मी बघितलं, ती ओवी ऐकताना त्यांचा हात थांबला होता आणि चेहरा असा होता की काहीतरी दुखतंय.

असे दोनेक महिने गेले असतील. श्रावणातली संध्याकाळ होती, अजून उजेड होता. पोरं नाचत होती आणि फाटकाबाहेर रस्त्यावर एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, अंगावर जिनिंग मिलमधल्या कापसाचे तंतू. तो आत आला नाही.

"संज्या," तो म्हणाला. "चाल घरी."

टेपरेकॉर्डर वाजत होता. सरांनी तो बंद केला. त्याच वेळी आजी ताकाचा गिलास घेऊन बाहेर आल्या. त्यांनी फाटकाकडे बघितलं. मग संजयकडे. मग पुन्हा फाटकाकडे. कोर्टात एकेका तारखेला ज्या चेहऱ्याकडे बघत बसल्या होत्या, तो चेहरा ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"हा तुहा कोन?" त्यांनी संजयला विचारलं.

"बाप हाय माहा," तो म्हणाला. आपण काय बोललो, हे त्याला कळलं नव्हतं. तो डोणगावला होता तेव्हा बाप तुरुंगात होता. कुणामुळे, कुणाच्या घरातला माणूस मेला, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या पोरांना माहीत होतं, ती म्हातारीच्या तोंडावर बोलली नव्हती.

आजींनी गिलास खाली जमिनीवर ठेवला. सांडू दिला नाही. मग सरांकडे वळल्या.

"तुले मालूम होतं?"

"हो, माय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. त्याच्या चालन्यावरून ओळखलं मी."

आजी आत गेल्या. दार लावलं नाही. चुलीत लाकडं सारल्याचा आवाज आला.

फाटकाबाहेरचा माणूस खाली बघून बोलायला लागला. "गुरुजी, तुमच्या मनात काय हाय ते सांगून टाका. मले काही करायचं असन तं करा. मी उभा हाय. पोराले काऊन जवळ केलं?"

"माह्या मनात काही नाही," सर म्हणाले. "तुमचं पोरगं डोक्यावर लय छान फिरते. तेवढंच हाय."

"खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो."

 तो माणूस पोराला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं पोराला अडवलं नाही. पण सगळं कळल्यावर संजय पुन्हा आमच्या अंगणात आला नाही. सरांनी सराव शाळेच्या मैदानावर नेला, तिथं मात्र तो यायचा.

त्या संध्याकाळपासून आजी सरांशी बोलल्या नाहीत.

भांडण नाही, आदळआपट नाही. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, आंघोळीचं पाणी तापलेलं. फक्त शब्द नाही. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. मी ओसरीत असले की आजी म्हणायच्या, "बाई, त्याले म्हना, दळण आनायचं हाय." सर दोन हातांवर बसलेले असायचे. मी म्हणायचे, "सर, दळण आणायचंय." सर मात्र मला उत्तर देत नसत. ते सरळ आईकडे तोंड करून बोलायचे, "आनतो माय. ज्वारी काढून ठेव." आजी भिंतीकडे बघत. सर रोज असं बोलायचे. शाळेत काय झालं, पाऊस कुठवर आला, कोण भेटलं. जणू काही झालंच नाही. ऐकणारी समोर बसून भाकरी थापत असे आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे.

मी एकदा धीर करून म्हटलं, "आजी, संजयचा काय दोष?"

"पोराचा काहीच नाही," त्या म्हणाल्या. "त्याले तं मालूम नव्हतं. त्याच्या बापाचंही सोडा, त्यानं केलं त्याची सजा भोगली. मले माह्या लेकानं फसवलं. मी त्या पोराले हातानं घास दिला बाई, आन् माहा लेक पाहत बसला."

गणपती आले. सर दोन्ही वेटाळांच्या मंडळांकडे गेले. भाऊ गेल्यापासून विसर्जनाची मिरवणूक पोलिसांच्या बंदोबस्तात निघायची आणि तरी दरवर्षी कुणाचं तरी डोकं फुटायचं. सर म्हणाले, पुढं कोण जाईल हे लाठीनं ठरवू नका, पोरांना नाचू द्या. जी टीम जिंकेल तिचा गणपती पुढं. लोक हसले असते, पण हे सांगणारा कोण आहे ते सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही मंडळं कबूल झाली.

विसर्जनाच्या दुपारी शाळेच्या मैदानावर सगळं गाव लोटलं. देऊळघाटहून, बुलढाण्याहून लोक आले. मध्ये रिंगण, एका बाजूला वरचं वेटाळ, दुसऱ्या बाजूला खालचं. झाडाखाली पोलिसांची गाडी. हेडमास्तर, फौजदार आणि मी, असे पंच. मी बाहेरगावची, दोन्हींकडची नाही, म्हणून. आणि मध्यभागी सर, वळायचं झालं की अख्खे वळत.

पोरं चांगली नाचली. वरच्या वेटाळाचा पुढारी पक्या नावाचा उंच पोरगा होता, त्यानं हातांवर चालून सगळं रिंगण पालथं घातलं. टाळ्या पडल्या. मग संजय उतरला.  त्याच्या बाजूचेच नाही, समोरच्या बाजूचे लोकसुद्धा उभे राहून बघायला लागले. आम्ही तिघा पंचांनी एकमेकांकडे बघितलं. बोलायची गरज नव्हती, निकाल लागला होता.

पक्याला ते सोसलं नाही. तो पुढं पुढं सरकत संजयच्या अगदी अंगावर वाकला, तोंड वेडावून दाखवायला. संजय पाठीवर फिरत होता, डोळे मिटलेले. त्याची टाच पक्याच्या ओठावर बसली. रक्त आलं.

सरांनी शिट्टी मारली. इतकी लांब शिट्टी मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती.

"पाय लागला," ते म्हणाले. "खालचं वेटाळ हरलं."

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग खालच्या वेटाळाकडून गलका उठला. चूक पक्याची आहे, तो अंगावर गेला, सर आपल्या वेटाळाच्या बाजूनं बोलतात. लोक उठले. मंडपाच्या बांबूंना हात गेले. फौजदार गाडीकडे धावले. सर रिंगणात दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे होते, अंग थरथरत होतं. संजय जमिनीवर तसाच बसलेला, त्याला रडू फुटलं होतं.

तेव्हा खालच्या वेटाळाच्या गर्दीतून संजयचा बाप पुढं आला. आतापर्यंत तो कुणाला दिसलाच नव्हता, अगदी मागं बसला असेल. तो रिंगणाच्या काठाशी थांबला आणि आपल्याच लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

"खाली बसा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "गुरुजीनं सांगतलं ना हरलो, तं हरलो. त्या मिरवणुकीत मी कोनाचं ऐकलं नव्हतं. काय झालं ते तुम्हाले मालूम हाय."

आणि तो स्वतः मातीत बसला. त्याच्यामागं दोघे बसले. मग चार. मग सगळे.

त्या वर्षी वरच्या वेटाळाचा गणपती पुढं गेला, खालचा मागं. कुणाच्या अंगाला ओरखडा आला नाही. दिवे लागायच्या वेळी सर घरी आले ते पायातली चप्पल न काढता चुलीपर्यंत गेले. मी ओसरीत होते.

"माय," ते म्हणाले, "आज कोनी कोनाले हात नाही लावला. मिरवणूक नीट गेली. माय, ऐकलं का? नीट गेली."

आजींनी तव्यावरची भाकरी उलटली. फुगेपर्यंत वाट बघितली, काढली, टोपलीत ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, त्याले म्हना, जेवून घे."

 मला ते म्हणायची गरज पडली नाही. सर पाटावर बसले आणि जेवले.

थंडीत आजींची छाती भरली. एका सकाळी अंगणात त्या कोसळल्या तेव्हा सर शाळेत होते आणि मी निघायच्या तयारीत. मी रस्त्यावर जाऊन हाक मारली. संजय सायकलवर टायर घेऊन चालला होता. त्यानं सायकल तिथंच टाकली, आजींना दोन्ही हातांवर उचललं, जीप थांबवली आणि बुलढाण्याला पोचेपर्यंत मांडीवर डोकं घेऊन बसला. वाटेत आजींनी डोळे उघडले. त्याला ओळखलं.

"भाकर खाल्ली का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजी."

"बाई," त्या मला म्हणाल्या, "याले काहीतरी खाऊ घाला."

दुपारच्या एसटीनं सर दवाखान्यात आले. खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "माय, मी आलो." आजींनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळे मिटले. त्याच आठवड्यात त्या गेल्या. शेवटपर्यंत मला, नर्सला, संजयला काय काय सांगत होत्या. सरांना काही नाही.

अंत्ययात्रेला दोन्ही वेटाळांचे लोक आले. संजयचा बाप रस्त्याच्या पलीकडे एकटा उभा होता. सर तिरडीपासून उठले, त्याच्याकडे गेले आणि त्याचा हात धरला.

"खांदा द्या," ते म्हणाले.

"नाही, गुरुजी. तिले नसतं चाललं. मी मांगून येतो."

आणि तो सगळ्यांच्या मागं, बरंच अंतर सोडून, शेवटपर्यंत चालत आला.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं, मी नोकरी सोडून नगरकडे गेले. ब्रेक डान्सचं वेड ओसरलं असं कानावर आलं. पोरं मोठी झाली, कामाधंद्याला लागली. सर निवृत्त झाले. अधूनमधून मला वाटायचं, एकदा जाऊन यावं. संसारात राहून गेलं. शेवटी बऱ्याच वर्षांनी एका नात्यातल्या लग्नाला मेहकरला आले होते, तेव्हा परतताना चिखलीला उतरले.

सर ओसरीत बाजेवर बसले होते. केस सगळे पांढरे. संजयचं स्वतःचं टायरचं दुकान झालं होतं आणि त्याच्या घरून सरांचा दोन वेळचा डबा येत होता. मी येतेय हे आधी कळवलं होतं, म्हणून सरांनी त्याला सांगून चहा मागवून ठेवला होता. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग मी जे इतकी वर्षं विचारायचं ठेवलं होतं ते विचारलं.

"सर, तुम्ही आजींना आधीच का नाही सांगितलंत? पहिल्याच दिवशी? त्यांनी कदाचित समजून घेतलं असतं."

 सरांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"सांगनार होतो," ते म्हणाले. "पयल्या दिवशी ठरवलं होतं, सांगतो म्हनून. टेपरेकॉर्डर आत ठेवून आलो तं माय त्या पोराले पानी देऊन राह्यली होती. म्हनलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिनं ताक केलं. मंग शिरा केला. बाई, लहाना गेल्यापासून त्या चुलीवर गोड शिजलं नव्हतं. ओवी म्हनत होती ती. हसत होती. मले मालूम होतं, सांगतलं का हे सारं थांबते. कधी ना कधी थांबनारच होतं. पण रोज संध्याकाळी वाटे, आज राहू दे. अजून एक दिवस हसू दे तिले."